धावणाऱ्याची नडगी आणि लहान छेदाची शल्यक्रिया
अमरावती-अकोला परिसरातील वैद्यांनी व औषधी विक्रेत्यांनी काय ओळखावे?



आपल्या वऱ्हाडाला व्यायामाची परंपरा नवी नाही. अंबादासपंत वैद्य व अनंतराव वैद्य या बंधूंनी १९१४ मध्ये अमरावतीत रोवलेल्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या रोपट्याचा आज वटवृक्ष झालेला आहे. या मंडळाच्या पथकाने १९३६ मध्ये बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी भारतीय व्यायामप्रकारांचे प्रात्यक्षिक दाखविले होते, ही गोष्ट आपल्यापैकी अनेकांनी लहानपणीच घरातल्या वडीलधाऱ्यांकडून ऐकली असेल. आज मात्र पहाटे साडेचारला अमरावती, अकोला, दर्यापूर, मूर्तिजापूर, अकोट येथील मैदानांवर व डांबरी रस्त्यांवर जी मुले-मुली धावताना दिसतात, त्यांच्या डोळ्यांसमोर पदक नसते, नोकरी असते. पोलीस शिपाई भरतीसाठी मुलांना १६०० मीटर व मुलींना ८०० मीटर, राज्य राखीव पोलीस बलासाठी मुलांना ५ किलोमीटर, सैन्यातील अग्निवीर भरतीसाठी १.६ किलोमीटर. काही सेकंदांच्या फरकावर कोरडवाहू शेती असलेल्या एका घराची पुढील तीस वर्षे ठरत असतात.

ही मुले पाय दुखू लागला की प्रथम कोणाकडे जातात? गावातील औषधी दुकानात, आणि त्यानंतर आपल्याकडे. म्हणूनच व्यायामजन्य पादवेदना हा विषय मोठ्या शहरातील क्रीडावैद्यकाचा आहे, असे समजून तो बाजूला ठेवता येत नाही. आम्ही स्वतः एकदा तसे केले आणि त्याची किंमत दुसऱ्याने मोजली. तो प्रसंग आधी सांगतो.

एक रुग्ण, एक चूक

काही वर्षांपूर्वी दर्यापूर तालुक्यातील एक बावीस वर्षांचा तरुण वडिलांसोबत आमच्याकडे आला. दोन्ही नडग्यांच्या पुढच्या व बाहेरच्या बाजूस वेदना. त्याचे वर्णन त्याच्याच शब्दांत असे होते : "तिसऱ्या राउंडले पाय लाकडावानी होऊन जाते, डॉक्टर सायब. दहा मिनिटं बसलो का काहीच नाई." आम्ही त्याला टेबलावर झोपवून तपासले. सूज नाही, स्पर्शासहत्व नाही, सांधे मोकळे, नाडी उत्तम. श्रमाचा इतिहास स्पष्ट होता. आम्ही वातव्याधी असे निदान करून अभ्यंग, स्वेदन, योगराज गुग्गुळ व धावताना घट्ट पट्टी अशी योजना केली. महिनाभराने फरक नाही म्हणून मात्रा वाढविली. वडील म्हणाले, "मालिश कमी पडली असन." आम्हीही तेच मानले.

असे चार महिने गेले. त्या वर्षीच्या भरतीत तो मुलगा १६०० मीटरच्या अखेरच्या फेरीत अक्षरशः पाय ओढत चालला आणि बाद झाला. धावण्याच्या त्या चार फेऱ्यांनंतर लगेच त्याच्या पायाकडे कोणी पाहिले असते, तर निदान पाच मिनिटांत सुचले असते. आम्ही त्याला नेहमी विश्रांतीनंतर, ओपीडीच्या खुर्चीत बसवून पाहिले. या व्याधीत विश्रांत पाय निर्दोष असतो, आणि तेच याचे मुख्य लक्षण आहे, हे आम्हाला उशिरा कळले.

व्याधीस्वरूप

आधुनिक शास्त्रात या विकाराला क्रॉनिक एक्झर्शनल कंपार्टमेंट सिंड्रोम असे म्हणतात. सोयीसाठी आपण त्यास 'श्रमजन्य कप्पादाब' म्हणू. गुडघ्याखालील पायातील मांसपेशी चार कप्प्यांत विभागलेल्या आहेत : पुढचा, बाहेरचा, मागचा उथळ आणि मागचा खोल. प्रत्येक कप्प्याभोवती फॅशिया नावाचे चिवट, फारसे न ताणले जाणारे आवरण असते. व्यायामात मांसपेशीत रक्त भरते व तिचे आकारमान सुमारे वीस टक्क्यांपर्यंत वाढू शकते. बहुतेकांचे आवरण ही वाढ सामावून घेते. काहींमध्ये मात्र कप्प्यातील दाब इतका वाढतो की सूक्ष्म रक्तवाहिन्यांतील अभिसरण मंदावते, मांसपेशीस पुरेसा प्राणवायू मिळत नाही, तिच्यातून जाणाऱ्या चेतातंतूवर भार येतो आणि वेदना सुरू होते. धावणे थांबले की दाब उतरतो, वेदनाही उतरते.

या विकाराचा इतिहास उद्बोधक आहे. दक्षिण ध्रुवावर गेलेल्या कॅप्टन स्कॉट यांच्या तुकडीतील डॉ. एडवर्ड विल्सन यांनी १९१२ मध्ये परतीच्या वाटेवर स्वतःच्या नडगीच्या वेदनेची व सुजेची नोंद केली होती. ती नोंद याच जातीच्या विकाराची असावी, असे पुढील काळातील चिकित्सकांनी म्हटले. १९५६ मध्ये मेव्हर या शल्यचिकित्सकाने एका फुटबॉल खेळाडूच्या पायातील हे आवरण छेदून त्याला पुन्हा मैदानावर उतरविल्याचा वृत्तांत प्रसिद्ध केला. तेव्हापासून या विकाराची शल्यचिकित्सा रूढ झाली.

ग्रंथांशी अनुसंधान

आपल्या ग्रंथांत हा विकार जसाच्या तसा वर्णिलेला आहे, असा दावा आम्ही करणार नाही. ओढूनताणून जुळवाजुळव केल्याने शास्त्राचा मान वाढत नाही. तथापि विचाराला दिशा देणारे संदर्भ निश्चित आहेत.

सुश्रुताचार्यांनी शारीरस्थानात सात कला सांगितल्या. त्यांतील पहिली मांसधरा कला. चिखलात व पाण्यात कमळाचे देठ व मुळे पसरावीत तशा तिच्यात सिरा, स्नायू, धमनी व स्रोतसे पसरलेली असतात, असे वर्णन आहे. मांसाला धारण करणारे आवरण आणि त्यातून जाणारे वाहिन्यांचे जाळे, हे चित्र कप्प्याच्या रचनेच्या बरेच जवळ जाते. चरकाचार्यांनी वातव्याधीत सांगितलेली खल्ली ही पाद, जंघा व ऊरू येथील पिळवटणारी वेदना आहे. वातकंटकाच्या हेतूंत विषम पाऊल पडण्यासह श्रमाचाही उल्लेख आहे. परंतु खल्ली व वातकंटक यांची चिकित्सा या रुग्णाला लागू केली म्हणजे काम झाले, असे होत नाही. येथे व्यान वायूच्या गतीला प्रतिबंध आहे तो यांत्रिक स्वरूपाचा आहे, आणि न ताणले जाणारे आवरण तेलाने सैल होते असे मानण्यास आधार नाही.

व्यायामाच्या मात्रेविषयी मात्र आपले आचार्य अतिशय स्पष्ट आहेत. वाग्भटाचार्यांनी बलवान व स्निग्धभोजी मनुष्यानेही अर्धशक्तीनेच व्यायाम करावा, तोही शीतकाळात व वसंतात, आणि अन्य ऋतूंत त्याहून कमी, असे सांगितले. अकोल्याच्या उन्हाळ्यात पारा पंचेचाळीसच्या पुढे जात असताना, रात्रीच्या शिळ्या भाकरीवर व चहावर धावणाऱ्या मुलाला हा नियम कोण सांगणार? २०१४ च्या जूनमध्ये मुंबई पोलीस भरतीत धावताना काही उमेदवारांचा मृत्यू झाला आणि त्यानंतर पुरुषांचे धावण्याचे अंतर ५ किलोमीटरवरून कमी करण्यात आले, हे आपण विसरता कामा नये.

निदान : रुग्णाला धावायला लावा

या विकाराचे निदान प्रामुख्याने इतिहासावर होते. पुढील पाच प्रश्न विचारल्यास बराच उलगडा होतो.

१. वेदना ठराविक अंतरानंतर किंवा ठराविक मिनिटांनंतरच सुरू होते का? कप्पादाबाचा रुग्ण 'तिसऱ्या फेरीला' किंवा 'दहाव्या मिनिटाला' असे नेमके सांगतो.

२. थांबल्यानंतर किती वेळात वेदना जाते? बहुधा पंधरा ते तीस मिनिटांत ती ओसरते. रात्रीची वेदना या विकारात सहसा नसते.

३. एका पायात की दोन्ही? बहुसंख्य रुग्णांत दोन्ही पायांत असते.

४. पावलावर बधिरता येते का? अंगठा व शेजारचे बोट यांच्या बेचक्यात बधिरता आल्यास पुढचा कप्पा, तळपायाला आल्यास मागचा खोल कप्पा संशयित धरावा.

५. धावताना पाऊल 'फटकन' आपटते का? पुढच्या कप्प्यातील पेशी थकल्याने पाऊल उचलले जात नाही, त्याचे ते चिन्ह आहे.

यानंतर रुग्णाला दवाखान्याबाहेर वेदना येईपर्यंत धावायला सांगावे आणि लगेच तपासावे. नडगीच्या बाहेरच्या बाजूची पेशी दगडासारखी टणक लागते, दाबल्यास व पाऊल खाली वाकविल्यास दुखते. काही रुग्णांत नडगीच्या खालच्या तिसऱ्या भागात आवरणातील फटीतून मांसपेशीचा लहानसा उंचवटा हाताला लागतो. अर्ध्या तासाने पुन्हा तपासावे, सर्व काही नाहीसे झालेले असते. या तपासणीस एक पैसाही लागत नाही.

पक्के निदान कप्प्यात सुई घालून दाब मोजल्याने होते. १९९० मध्ये पेडोविट्झ व सहकाऱ्यांनी सुचविलेल्या मर्यादा आजही सर्वत्र उद्धृत होतात. विश्रांतीत १५ मि.मी. पारा वा अधिक, व्यायामानंतर एका मिनिटाने ३० वा अधिक, पाच मिनिटांनी २० वा अधिक, यांपैकी एक जरी मर्यादा ओलांडली व लक्षणे जुळली तरी निदान धरले जाते. या मर्यादांवर मतभेद आहेत आणि केवळ आकड्यावर शल्यकर्माचा निर्णय होऊ नये, असे आज मानले जाते. ही मापनसुविधा प्रत्येक अस्थिरोग रुग्णालयात असतेच असे नाही. रुग्णाला नागपूर, पुणे किंवा मुंबईस धाडण्यापूर्वी दूरध्वनीवर विचारून घ्यावे, म्हणजे गरीब माणसाची फेरी वाया जात नाही.

सापेक्ष निदान

प्रत्येक दुखरी नडगी म्हणजे कप्पादाब नव्हे. खरे तर अधिक आढळणारे विकार दुसरेच आहेत, आणि त्यांत शल्यक्रियेची गरज क्वचितच पडते.

(अ) नडगीच्या आतील कडेची वेदना : ज्याला खेळाडू 'शिन स्प्लिंट' म्हणतात. हाडाच्या आतील कडेवर खालच्या भागात हातभर नव्हे, तरी पाच सेंटिमीटरहून अधिक लांबीपर्यंत दुखते. धावणे कमी करणे, पादत्राण बदलणे, पोटरीचे बळ वाढविणे यांनी बहुतेक बरे होतात.

(आ) ताणजन्य अस्थिभंग : एका बोटाने दाखविता येईल अशा एकाच ठिकाणी तीव्र वेदना, एका पायावर उडी मारल्यास असह्य होणे, कधी रात्रीही दुखणे. पहिल्या दोन-तीन आठवड्यांत क्ष-किरण चित्र निर्दोष येऊ शकते. अशा जागी जोरात मर्दन करणे किंवा 'एक्स-रे नॉर्मल आहे, धाव' असे सांगणे म्हणजे अर्धवट चिरलेल्या हाडाचे पूर्ण दोन तुकडे होण्यास निमंत्रण देणे होय. मुलींमध्ये मासिक पाळी अनियमित असल्यास व आहार अपुरा असल्यास याची शंका विशेष घ्यावी.

(इ) गुडघ्यामागील धमनीवर दाब : पोटरीत येणारी, थांबताच ओसरणारी वेदना, पाऊल थंड पडणे. येथे धमनी मांसपेशीच्या कैचीत सापडते. १८७९ मध्ये एडिंबरा येथील अँडरसन स्टुअर्ट या वैद्यकाच्या विद्यार्थ्याने ही रचना प्रथम वर्णिली. घोट्यामागील व पावलावरील नाडी पाऊल ताणून पाहावी; ती नाहीशी होत असल्यास रक्तवाहिनीतज्ज्ञाकडे विलंब न करता पाठवावे. दुर्लक्ष झाल्यास तरुण वयात पाऊल गमावण्याची वेळ येऊ शकते.

(ई) कमरेतून येणारी वेदना, म्हणजे गृध्रसी : ती आपल्या परिचयाची आहे. बसल्यावर, खोकल्यावर वाढते, मांडीमागून उतरते.

तातडीची अवस्था

वरील विकार सावकाश चालणारा आहे. पण याचेच एक उग्र भावंड आहे. अतिश्रमानंतर, पायाला मार लागल्यावर किंवा अस्थिभंगानंतर दाब वाढतो आणि विश्रांतीनेही उतरत नाही. मार दिसतो त्या मानाने वेदना फारच अधिक, बोटे हळूच ताणली तरी किंकाळी, पोटरी लाकडासारखी टणक, हळूहळू बधिरता. ही अवस्था शल्यसाध्य असून घटका-दोन घटकांचा हिशोब आहे. सुमारे सहा तासांत दाब मोकळा न झाल्यास मांसपेशी मृत होऊ लागते. अशा पायास मर्दन करू नये, शेक देऊ नये, पट्टी बांधू नये. बांधली असल्यास कापून टाकावी. पाय उंच न ठेवता हृदयाच्या पातळीवर ठेवावा व रुग्णास त्वरित शल्यचिकित्सकाकडे धाडावे. कठोर व्यायामानंतर काळ्या चहासारखे मूत्र होत असल्यास मूत्रपिंडास धोका आहे असे समजून तीच घाई करावी.

चिकित्सा : शस्त्राआधी

श्रमजन्य कप्पादाबात लगेच शस्त्र उचलावे असे नाही. पुढच्या कप्प्याच्या विकारात धावण्याची पद्धत बदलल्याने लाभ होतो. टाच आधी आपटण्याऐवजी पावलाच्या पुढील भागावर उतरणे, पावले लहान व संख्येने अधिक टाकणे, शरीर किंचित पुढे झुकविणे, हे त्याचे सार. अमेरिकन सैनिकांमधील २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एका लहान अभ्यासात शल्यक्रियेसाठी आलेल्या दहा जणांना सहा आठवडे असे शिकविले गेले. एक वर्षानंतरही त्यांपैकी कोणास शल्यक्रिया करावी लागली नाही. दहा ही संख्या अल्प आहे, म्हणून सर्वांनाच असा गुण येईल असे सांगू नये. पण हा उपाय स्वस्त व निर्धोक असल्याने प्रथम तोच करावा. मात्र बदल हळूहळू करावा, अन्यथा पोटरी व टाचेची शिर दुखावते. व्यायाम महाविद्यालयातील प्रशिक्षक येथे वैद्याचे उत्तम सहकारी ठरतात.

डांबराऐवजी मातीवर धावणे, आठवड्यातून दोन दिवस विश्रांती, अर्धशक्तीचा नियम आणि पुरेसे अन्न-पाणी ही पथ्ये कोणत्याही कारणाच्या पादवेदनेत उपकारक आहेत. अभ्यंगाने थकवा उतरतो, झोप सुधारते. तेवढ्यापुरते ते अवश्य करावे. त्याने कप्प्याचा विकार मुळातून जाईल, असे आश्वासन मात्र देऊ नये.

लहान छेदाची शल्यक्रिया

तीन ते सहा महिने योग्य उपाय करूनही वेदना राहत असेल आणि रुग्णाला धावणे सोडता येत नसेल, तर आवरणाचा छेद, म्हणजे फॅशिओटॉमी, हा मार्ग उरतो. धावणे सोडता येत असेल तर शल्यक्रियेची गरजच नाही, कारण चालण्या-फिरण्यात हा विकार बहुधा त्रास देत नाही. ही गोष्ट रुग्णास प्रथम सांगितली पाहिजे.

पूर्वी यासाठी नडगीवर वीतभर लांबीचा छेद घेत. आता दोन ते चार सेंटिमीटरच्या एक किंवा दोन लहान छेदांतून त्वचेखाली लांब कात्री सरकवून आवरण वरपासून खालपर्यंत उभे मोकळे केले जाते. काही ठिकाणी दुर्बिणीच्या साहाय्याने, आतील भाग पडद्यावर पाहत हेच काम होते. आवरण पुन्हा शिवत नाहीत. ते मोकळेच सोडतात, म्हणजे पेशीला फुगण्यास जागा मिळते. फक्त त्वचा शिवली जाते. रुग्ण बहुधा त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी घरी जातो, लवकर चालू लागतो, आणि साधारण सहा ते बारा आठवड्यांत टप्प्याटप्प्याने धावण्यास परत येतो.

लहान छेदाचे फायदे स्पष्ट आहेत : व्रण लहान, वेदना कमी, चालणे लवकर. परंतु छेद लहान म्हणजे जोखीम लहान असे नव्हे, उलट न दिसणाऱ्या जागी शस्त्र चालते. घोट्याच्या वर सुमारे दहा ते बारा सेंटिमीटरवर एक संवेदी चेतातंतू आवरणातून बाहेर येतो. तो दुखावल्यास पावलाच्या वरच्या भागावर बधिरता किंवा जळजळ राहते. आतील बाजूस मोठी सिरा व तिच्यासोबतचा चेतातंतू जपावा लागतो. रक्तसंचय, संसर्ग, आवरण अपुरे मोकळे होणे, व्रणवस्तूने पुन्हा घट्ट होणे हीही विघ्ने आहेत.

यशाविषयीही प्रामाणिक बोलावे. पुढच्या कप्प्यात पाचांपैकी साधारण चार रुग्णांना चांगला गुण येतो. मागच्या खोल कप्प्यात हे प्रमाण बरेच खाली येते. खेळाडूंच्या तुलनेत सैनिकांमधील निष्कर्ष तितके समाधानकारक नाहीत, कारण परतल्यावर त्यांच्या पायावरील भार आपल्या इच्छेने कमी करता येत नाही. भरतीच्या मुलांची अवस्था सैनिकांच्या जवळची आहे, हे ध्यानी घ्यावे.

येथे सुश्रुताचार्यांचे स्मरण होते. अष्टविध शस्त्रकर्मांतील भेदनाचा अभ्यास शिष्याने पाणी व चिखल भरलेल्या चामड्याच्या पिशव्यांवर करावा, असे त्यांनी योग्यासूत्रीय अध्यायात सांगितले आहे. आत काही भरलेले असताना आवरण तेवढे छेदणे हे कौशल्य हातालाच शिकवावे लागते, हा त्यातील आशय. जंघेच्या मध्यभागी त्यांनी इंद्रबस्ति हे मांसमर्म सांगितले व तेथील आघाताने शोणितक्षयातून मृत्यू येतो असे बजावले. मर्माचे स्थान व मान जाणूनच शस्त्र चालवावे, हा दंडक आजच्या दुर्बिणीलाही लागू आहे.

२०२० च्या नोव्हेंबरमधील अधिसूचनेने शल्य व शालाक्य तंत्राच्या पदव्युत्तर वैद्यांसाठी ५८ शस्त्रकर्मे नमूद झाली आणि देशभर वाद झाला. तो वाद येथे उकरून काढण्याचे प्रयोजन नाही. अधिकाराचा प्रश्न आणि अनुभवाचा प्रश्न वेगवेगळे आहेत. ही शल्यक्रिया हे काम वारंवार करणाऱ्या, चेतातंतूंची वाट ओळखणाऱ्या हातीच सोपवावी. आपले काम रुग्ण ओळखणे, योग्य वेळी धाडणे आणि परतल्यावर सांभाळणे हे आहे. ते कमी महत्त्वाचे नाही.

शल्यक्रियेनंतर वैद्याचे कार्य

सुश्रुतांनी व्रणाचे साठ उपक्रम सांगितले, यावरूनच शस्त्रानंतरच्या काळास त्यांनी किती मोल दिले ते कळते. रुग्ण परत आल्यावर पुढील गोष्टी सांभाळाव्यात. व्रण पूर्ण भरेपर्यंत व शल्यचिकित्सकाची अनुमती मिळेपर्यंत तेल, लेप वा चूर्ण लावू नये. घोट्याची हालचाल पहिल्या दिवसापासून सांगितल्याप्रमाणे करवावी, कारण पाय स्थिर ठेवल्यास व्रणवस्तू आवरणाला चिकटते. व्रणशोथ, स्राव, ज्वर किंवा पोटरीत वाढती सूज दिसल्यास त्याच दिवशी परत पाठवावे. शस्त्रापूर्वी रुग्ण गुग्गुळाचे कल्प, लशुन किंवा अन्य औषधे घेत असल्यास त्याची यादी शल्यचिकित्सकास लेखी द्यावी. रक्तस्रावावर परिणाम करू शकणारी द्रव्ये केव्हा थांबवायची ते त्यांना ठरवू द्यावे. व्रण भरल्यावर हलका अभ्यंग, बृंहण आहार व क्रमाक्रमाने व्यायाम, हे आपले क्षेत्र आहे.

औषधी विक्रेत्या बंधूंसाठी

भरतीच्या हंगामात आपल्या दुकानात चार वस्तू अधिक खपतात : वेदनाशामक गोळ्या, फवारे, क्रेप पट्ट्या आणि 'ताकदीचे' डबे. आपली थोडी दक्षता एखाद्या मुलाचा पाय वाचवू शकते.

– उपाशीपोटी, उन्हात, पाणी न पिता धावणाऱ्यास वेदनाशामक गोळी मूत्रपिंडास घातक ठरू शकते. 'धावायच्या आधी एक घे' असा सल्ला देऊ नये.

– वेदना दडपून धावल्यास ताणजन्य अस्थिभंग वाढतो. दोन आठवड्यांहून अधिक काळ गोळी मागणाऱ्या तरुणास वैद्याकडे पाठवावे.

– नडगीवर घट्ट पट्टी कप्प्यातील दाब वाढविते. पट्टी मागणाऱ्यास कोठे व का दुखते ते विचारावे.

– क्रिएटिनसारखी पूरके पेशीत पाणी धरून ठेवतात. ज्याचा पाय धावताना दगड होतो त्याने ती टाळावीत.

– घटकद्रव्यांची सूची नसलेली, तात्काळ गुण देणारी वेदनाहर चूर्णे दुकानात ठेवू नयेत. त्यात स्टेरॉइड मिसळलेले असल्याची उदाहरणे आपणा सर्वांना ठाऊक आहेत, आणि त्यात नाव आयुर्वेदाचे बदनाम होते.

उपसंहार

त्या दर्यापूरच्या मुलाचे पुढे काय झाले, हे सांगणे क्रमप्राप्त आहे. निवड हुकल्यानंतर तो पुन्हा आला तेव्हा आम्ही त्याला दवाखान्यामागच्या मैदानात धावायला लावले आणि नडगीला हात लावताच आमची चूक आमच्या लक्षात आली. ती आम्ही त्याच्या वडिलांसमोर कबूल केली. ते काही बोलले नाहीत. फक्त "आता काय कराचं, ते सांगा" एवढेच म्हणाले. नागपूरच्या एका अस्थिरोगतज्ज्ञाने दाब मोजून निदान पक्के केले. तीन महिने धावण्याची पद्धत बदलून पाहिली. वेदना तिसऱ्या फेरीऐवजी चौथ्या फेरीत येऊ लागली, पण गेली नाही. वय हातातून निसटत होते. अखेर मामाने पैसे उभे केले आणि दोन्ही पायांच्या पुढच्या कप्प्यांची लहान छेदाने शल्यक्रिया झाली.

अकराव्या आठवड्यात तो पूर्ण १६०० मीटर धावला. उजव्या पावलावर रुपयाएवढ्या जागेत बधिरता राहिली, ती आजही आहे. पुढच्या भरतीत त्याने धावण्यात उत्तम गुण मिळविले, परंतु लेखी परीक्षेत थोडक्यात मागे राहिला. त्यानंतरच्या वर्षी त्याची निवड झाली. यात श्रेय त्याच्या जिद्दीचे व शल्यचिकित्सकाच्या हाताचे आहे. आमच्या वाट्याला आली ती एक शिकवण, आणि त्याचे वाया गेलेले एक वर्ष. ते वर्ष आम्ही परत देऊ शकत नाही.

म्हणून व्यावसायिक बंधू-भगिनींना आमची विनंती एवढीच : धावल्यावर दुखणारा पाय धावल्यावरच तपासावा. दर्शन, स्पर्शन व प्रश्न या त्रिविध परीक्षेत काळाचेही महत्त्व आहे. योग्य क्षणी लावलेला हात यंत्राच्या बरोबरीचे काम करतो. चुकीच्या क्षणी लावलेला हात काहीच सांगत नाही. आपल्या परिसरातील भरती प्रशिक्षण केंद्रांत वर्षातून एकदा, मैदानावरच, पहाटेच्या धावण्यानंतर तपासणी शिबिर घेण्याचा उपक्रम प्रत्येक तालुका शाखेने करावा. त्यासाठी एक चादर, एक घड्याळ आणि दोन वैद्य पुरेसे आहेत.

इत्यलम्.